घर किती गळते?

पावसाळ्यात छप्पर गळू लागले की ते लगेच कळते. खाली बादली ठेवता येते. पण घरातून ऊब गळत असेल तर ती मोजायची कशी? थंड देशांत या प्रश्नाला खरी निकड आली ती ऑक्टोबर 1973 नंतर. अरब देशांनी तेलपुरवठ्यावर निर्बंध घातले आणि काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. अमेरिका, कॅनडा, स्वीडन येथे हिवाळ्यात घर गरम ठेवणे एकाएकी महाग झाले.

घराला किती इंधन लागेल याचा हिशेब तोवर कागदावरच होत असे. भिंती, छत व खिडक्यांचे क्षेत्रफळ, त्यांतून उष्णता जाण्याचे प्रमाण आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरक यांचा गुणाकार केला, की उत्तर मिळे. हा हिशेब प्रत्यक्षात कितपत उतरतो, हे अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या रॉबर्ट सोकोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्स या वसाहतीत तपासले. तेथे एकाच आराखड्याची अनेक घरे होती. तरीही शेजारशेजारच्या घरांच्या इंधनखर्चात दुपटीहून अधिक फरक आढळला. घरातील कुटुंब बदलले की खर्चही बदलत असे. म्हणजे फरकाचा मोठा भाग राहणाऱ्यांच्या सवयींचा होता.

दुसरा शोध पोटमाळ्यावर लागला. तेथे काचतंतूंचा उष्णतारोधक थर होता, तरी हिशेबाच्या कित्येक पट उष्णता वर जात होती. असा थर उष्णता अडवतो तो त्यात कोंडलेल्या स्थिर हवेमुळे. पण येथे गरम हवा धुराड्याभोवतीच्या फटीतून आणि भिंतींतील पोकळीतून त्या थराला वळसा घालून थेट वर निघून जात होती. जान बेया, गौतम दत्त आदींनी ही वाट उजेडात आणली. कागदावरील गुणाकारात तिला जागाच नव्हती.

मग फटी मोजायच्या कशा? 1977च्या सुमारास स्वीडनमध्ये एक साधी युक्ती वापरात आली. घराची सर्व दारे-खिडक्या बंद करून एका चौकटीत पंखा घट्ट बसवायचा आणि आतील हवा बाहेर ओढायची. आत व बाहेर 50 पास्कलचा, म्हणजे पाण्याच्या सुमारे 5 मिलिमीटर स्तंभाएवढा, दाबफरक टिकवण्यासाठी पंख्याला ताशी किती हवा ओढावी लागते ते पाहायचे. जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच फटींतून आत येते. या हवेच्या आकारमानाला घराच्या आकारमानाने भागले, की घराचा ‘गळती-अंक’ मिळतो. 1991 मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथे उभ्या राहिलेल्या घरापासून पुढे आलेल्या ‘पॅसिव्ह हाऊस’ मानकात हा अंक 0.6 पेक्षा अधिक चालत नाही.

मोजता आले, तशी तुलनाही करता आली. अमेरिकेत 1995 मध्ये घरांचे ऊर्जा-मानांकन करणारी ‘रेसनेट’ ही संस्था स्थापन झाली आणि 2006 मध्ये तिचा निर्देशांक आला. त्यात प्रमाण घराला 100 गुण, तर वर्षभरात लागेल तेवढी ऊर्जा स्वतःच निर्माण करणाऱ्या घराला शून्य. येथे कमी गुण म्हणजे चांगले घर!

आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. मुंबईच्या दमट हवेत हवाबंद घर नकोच. भारताच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या 2018 च्या ‘इको-निवास संहिते’त उष्ण-दमट प्रदेशासाठी उघडता येणारी जागा खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-षष्ठांश असावी, असे म्हटले आहे. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादाही आहे. मात्र ही मर्यादा पाळली की नाही हे नकाशावरूनच गणिताने ठरते. बांधलेले घर त्या गणिताप्रमाणे वागते का, हा ट्विन रिव्हर्सचा प्रश्न येथेही उरतोच.

त्याची सुरुवात वर्गातही करता येईल. एकाच आराखड्याच्या सदनिकांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्षभराच्या वीजबिलांतील युनिटचे आकडे आणायला सांगा. त्यांचा आलेख काढा. फरक दिसला तर तो कशामुळे, याची यादी मुलांनाच करू द्या. कोणता मजला, पश्चिमेची भिंत, गच्चीखालचे घर, की माणसांच्या सवयी? आणि यांतले एकेक कारण वेगळे कसे काढायचे, हेही त्यांनाच विचारा.