जमा डावीकडे की उजवीकडे?

रिसोडला एका अडत दुकानावर अब्बांनी तीसेक वर्षं वही लिहिली. दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा साठीजवळच्या या माणसाने बोटं चालवायलाही शिकून घेतलं. एकच गोष्ट मात्र जमेना. शेतकऱ्याचं खातं पडद्यावर उघडलं की डावीकडचा रकाना ते जमा म्हणून वाचत, आणि तो असे नावे. एकदा असंच एका शेतकऱ्याला त्यांनी सांगून टाकलं की तुमचे अठरा हजार निघतात. खरं तर तेवढे त्याच्याकडूनच येणं होतं. बियाणं-खताचा हिशेब मनात मांडत तो बिचारा गावी गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत बोलवावं लागलं. अब्बा तेव्हा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

आम्ही पोरं म्हणालो, वय झालं. तसं नव्हतं. त्यांचे डोळे ज्या वहीत तयार झाले होते, तिची मांडणीच वेगळी होती.

जुनी वही म्हणजे लाल कापडात शिवलेली, लांबट. तिच्या पानावर छापील रेघा नसत. कागद दुमडून सळ पाडायचे आणि तेच रकाने. साधारणपणे आठ सळ असत, चार डावीकडे जमेचे आणि चार उजवीकडे नावेचे. दोन्ही बाजूंना पहिल्या सळात रक्कम आणि पुढच्या सळांत तिचा तपशील. म्हणजे आकडा आधी आणि कारण नंतर. दिवाळीच्या वहीपूजनाआधी नव्या वहीचे सळ अब्बा स्वतः पाडत. शेठजींना दुसऱ्या कुणाची घडी पसंत पडत नसे.

इंग्रजी खतावणी याच्या उलट. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची रीत लुका पाचोली या धर्मगुरूने 1494 साली छापील ग्रंथात मांडली. त्या रीतीत नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे. हीच रीत युरोपभर पसरली आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे कचेऱ्यांत, बँकांत, कॉमर्सच्या वर्गांत आली. बँकेचं पासबुक उघडून पाहा. काढलेली रक्कम बहुधा आधी आणि भरलेली नंतर असते.

गंमत अशी की रोकडवहीत दोन्ही रीतींची जागा जुळते. आलेला पैसा डावीकडे, गेलेला उजवीकडे. फक्त डाव्या बाजूला आपण जमा म्हणतो आणि इंग्रजी रीत डेबिट म्हणते. आपल्या वहीत ज्याच्याकडून पैसा आला त्याचं खातं जमा होतं, तिथे खुद्द रोकडीच्या खात्याला नावे टाकतात. म्हणून अब्बा रोकड बिनचूक वाचायचे आणि माणसांच्या खात्यावर अडखळायचे. हे आम्हाला फार उशिरा उमगलं.

रकान्यांच्या माथ्यावरचे शब्द बघितले तर इतिहास आणखी मागे जातो. जमा, खर्च, बाकी, वजा, रक्कम, तपशील, तारीख आणि हिशेब हे सगळे अरबीतून फारसी दफ्तराच्या वाटेने मराठीत आले. कीर्द फारसी. फडणीस हा फर्दनवीस, म्हणजे याद्या लिहिणारा. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरी पेशव्यांच्या दफ्तरात मोडीत लिहिलेला जमाखर्च जमाखर्चच राहिला. आमचा वऱ्हाड तर 1853 पर्यंत थेट निजामाच्या कारभारात होता. हे शब्द आमचे आणि ते तुमचे असं इथे कुणी वाटून घेतलं नाही. वहीत मुनीम कोण, शेठ कोण आणि शेतकरी कोण, सगळ्यांना जमा एकच कळायची.

कळायची म्हणजे मुनिमाला. शेतकऱ्याला कितपत कळत असेल हा प्रश्न जुना आहे. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी दंगा उसळला आणि पुढे नगरकडेही पसरला. तेव्हा लोकांनी सावकारांची घरं लुटण्यापेक्षा त्यांचे रोखे आणि वह्या जाळण्यावर भर दिला. त्यांना ठाऊक होतं, आपलं नशीब कुठल्या कागदावर आहे. पाठोपाठ 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. कर्जदार शेतकऱ्याला पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मिळण्याची तरतूद त्यात होती. सूरा बकराच्या 282 व्या आयतीत कर्ज लिहून ठेवायला सांगताना मजकूर कर्जदाराने सांगावा, असं आहे. मला हे नेहमी लक्षणीय वाटतं. ज्याच्यावर देणं आहे, त्याच्या तोंडून हिशेब उतरला पाहिजे. वहीच्या बाबतीत आपल्याकडे हे किती पाळलं गेलं, ते सुप्याच्या राखेने सांगितलंच.

बंगळुरूच्या गोयंका पितापुत्रांनी 1986 मध्ये ज्या कंपनीची सुरुवात केली, तिचं टॅली पुढे गावोगावच्या दुकानांत पोचलं. टॅलीच्या खात्यातही आधी डेबिट, मग क्रेडिट. मात्र ताळेबंदात देणी डावीकडे आणि मालमत्ता उजवीकडे. ही ब्रिटिश कंपनी कायद्याची जुनी सवय, युरोपात इतरत्र उलट चालते. म्हणजे इंग्रजांनाही एकच बाजू धरून बसता आलं नाही.

आमच्या दुकानातलं सॉफ्टवेअर दुसरं होतं. त्यात रकान्याचा मथळा माऊसने धरून हव्या त्या जागी ओढता येत असे. माझ्या भाच्याने एका दुपारी जमेचा रकाना ओढून डावीकडे आणला आणि अब्बांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, तीन खाती वाचली आणि तिन्ही बरोबर वाचली.

आठवड्यात नवा ऑपरेटर मुलगा चुकला. बीकॉम झालेला, त्याचा डोळा डावीकडे नावे शोधत होता. शेवटी दोघांची लॉगिन वेगळी केली आणि दोन मांडण्या जतन करून ठेवल्या. शेतकऱ्याला द्यायची हिशेबपट्टी मात्र अब्बांच्या मांडणीने निघते, जमा आधी. आणि ती हातात देण्यापूर्वी अब्बा समोरच्यालाच विचारतात, किती निघतात म्हणालात?