दोन किल्ल्या आणि सहा तरुण

आजची गोष्ट लंडनमधली, १३ मार्च २००६ ची. पण आधी जरा बँकेत जाऊ.

आईबरोबर लॉकर उघडायला कधी गेलायत? एक किल्ली आपली, दुसरी बँकेची. दोन्ही फिरल्याशिवाय दार उघडत नाही. आपल्या शरीराचं रक्षण करणाऱ्या टी पेशींचंही तसंच. पेशीच्या पृष्ठभागावरचा टी-सेल रिसेप्टर शत्रूचा तुकडा ओळखतो, ही पहिली किल्ली. शेजारच्या सीडी२८ रिसेप्टरला 'धोका खरा आहे' असा दुजोरा मिळतो, ही दुसरी. दोन्ही लागल्या की पेशी जागी होते, वाढते आणि सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोप सोडते.

टीजीएन१४१२ हे औषध मात्र सीडी२८ला असं काही पकडायचं, की पहिल्या किल्लीची गरजच उरायची नाही. संधिवातासारख्या आजारांवर ते चालेल अशी आशा होती. माकडांना ते सोसलंही होतं.

मग नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या आवारात आठ निरोगी तरुण आले. सहा जणांना औषध दिलं, दोघांना नुसतंच नावाचं इंजेक्शन. डोस किती? माकडांना सोसलेल्या डोसचा ५०० वा भाग! तरी दीड तासाच्या आत डोकेदुखी, मळमळ, ताप सुरू झाला. सायटोकाइनचं वादळच उठलं. सहाही जण आयसीयूत गेले. सगळे वाचले, पण एकाला पायाची बोटं आणि हाताच्या बोटांची टोकं गमवावी लागली.

असं का झालं? २०१० मध्ये उलगडा झाला. जुन्या लढायांची आठवण ठेवणाऱ्या काही टी पेशी असतात. माकडांच्या त्या पेशींवर सीडी२८ नसतोच, आपल्या पेशींवर असतो. म्हणजे ज्या कुलपावर किल्ली तपासली, ते कुलूपच वेगळं होतं.

मला सगळ्यात जास्त काय टोचतं सांगू? ही इंजेक्शनं साधारण दहा-दहा मिनिटांच्या अंतराने दिली गेली. पहिल्याला देऊन दोन तास थांबले असते, तर बाकीचे पाच जण सुटले असते. आता माणसावरच्या पहिल्या चाचणीत आधी एकालाच डोस देतात आणि वाट बघतात. माणसाच्या पेशींवर किंचित परिणाम कितीने होतो, हे बघून डोस ठरवतात.

नियम साधा वाटतो ना? सहा जणांनी त्याची किंमत मोजलीय. भेटू पुढच्या भागात!