लोथार राजा होता

शहापुरात माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. इतिहास मी कुठल्या महाविद्यालयात शिकलो नाही. जे शिकलो ते रद्दीच्या गठ्ठ्यांतून आणि वाचनालयाच्या कपाटांतून. दोन वर्षांपूर्वी मुरबाडच्या आजोळच्या घराची कौलं उतरवायची वेळ आली, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली घेतली. तिच्यात शंभराच्या वर इंद्रजाल कॉमिक्स निघाली. काहींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, काहींची मुखपृष्ठं गेलेली. सगळ्यांत खाली माझी सहावीतली वही होती. तिच्यात मी रकाने आखून प्रत्येक अंकाची नोंद केली होती : गोष्टीचं नाव, नायक, इतर पात्रं. लोथारपुढे लिहिलं होतं, ‘मँड्रेकचा नोकर. काळा. फार ताकद.’

ही नोंद वाचून मी जरा थबकलो. ती चूक होती की त्या वेळच्या चित्रांनी मला तसंच शिकवलं होतं, या एका प्रश्नातून हा लेख निघाला आहे.

मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाने 1964च्या मार्चमध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. त्या उभारणीत अनंत पै होते. पुढे 1967मध्ये त्यांनी ‘अमर चित्र कथा’ उभी केली. सुरुवातीला मासिक असलेलं इंद्रजाल नंतर पाक्षिक आणि मग साप्ताहिक झालं, आणि 1990मध्ये थांबलं. आमच्या भागात ते दुकानातून कमी आणि रद्दीतून जास्त यायचं. मुंबईत नोकरीला असलेला मामा शनिवारी कल्याणहून एसटीने मुरबाडला यायचा. त्याच्या पिशवीत रद्दीवाल्याकडून घेतलेले चार-सहा अंक असायचे, कधी सत्तरच्या दशकातले, कधी त्याही आधीचे. सुट्टी संपली की ते मी शहापूरला नेत असे.

त्यामुळे आम्ही सगळं उलटसुलट वाचलं. इंद्रजालमधल्या गोष्टी मुळात अमेरिकी वर्तमानपत्रांतल्या रोजच्या चित्रपट्ट्या. त्या कापून, जुळवून इथे अंक बनत, आणि वेगवेगळ्या वर्षांतल्या गोष्टी एकमेकींच्या मागेपुढे छापल्या जात. एका आठवड्यात जुना लोथार भेटे, पुढच्या आठवड्यात नवा. ही दोन माणसं वेगळी आहेत हे लक्षात यायला मला पन्नाशी उलटावी लागली. ट्रंकेतले मँड्रेकचे अंक मी इंद्रजालच्या क्रमांकाने न लावता मूळ पट्ट्यांच्या वर्षांप्रमाणे लावले, तेव्हा 1965च्या सुमारास गठ्ठ्याचे सरळ दोन भाग पडले.

मँड्रेकची पट्टी ली फॉक यांनी 11 जून 1934 रोजी सुरू केली. चित्रं फिल डेव्हिस यांची. त्यातला लोथार डोक्यावर तुर्की टोपी, अंगावर बिबट्याचं कातडं आणि आखूड चड्डी घालून वावरतो. मोडकंतोडकं इंग्रजी बोलतो. दार तोडायचं, गुंड उचलून फेकायचे, मालकाच्या मागे उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. डिसेंबर 1964मध्ये डेव्हिस वारले आणि पुढच्या वर्षी फ्रेड फ्रेडरिक्स यांच्याकडे चित्रं आली. तिथून लोथार नीट भाषेत बोलू लागतो, टोपी जाते, कपडे बदलतात. तो मँड्रेकला सल्ला देतो, त्याच्याशी थट्टा करतो. पुढे त्याला कर्मा नावाची मैत्रीणही मिळते. तीसुद्धा आफ्रिकेतल्या खानदानी घराण्यातली.

हे बदल झाले तो काळ लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा 1964मध्ये झाला. आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते. सकाळच्या वर्तमानपत्रात एका पानावर त्या बातम्या आणि दुसऱ्या पानावर कातडं पांघरलेला लोथार, हे फार दिवस चालण्यासारखं नव्हतं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. चित्रकार बदलला, लेखक बदलला नाही. 1934चा लोथार फॉक यांनीच लिहिला आणि 1965नंतरचाही त्यांनीच. 1999मध्ये वारेपर्यंत ते लिहीत होते. आपल्याच पात्रावर आपण केलेला अन्याय त्याच माणसाने पुढे दुरुस्त केला, असं फार थोड्या लेखकांच्या बाबतीत म्हणता येतं.

त्यांचा दुसरा नायक म्हणजे आपला वेताळ. मूळचा फँटम 17 फेब्रुवारी 1936 रोजी सुरू झाला. पहिल्या गोष्टीत जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, ऐषारामी तरुण आहे. तोच मुखवट्यामागचा माणूस निघायचा होता. गोष्ट अर्ध्यावर आली आणि फॉक यांनी बेत बदलला; नायकाला जंगलात नेलं, चारशे वर्षांची वंशपरंपरा दिली. तो बेत बदलला नसता तर मुखवटा घातलेला आणखी एक श्रीमंत शहरी तरुण एवढीच त्याची ओळख राहिली असती. सुरुवातीला त्याचं जंगल आशियात होतं. साठच्या दशकात ते आफ्रिकेत गेलं, तिथे स्वतंत्र देश झाला आणि डॉ. लुआगा हे लोकांनी निवडलेले राष्ट्राध्यक्ष आले. आता देशाचा कारभार तिथलेच लोक पाहू लागले. वेताळ मात्र गोराच राहिला आणि कवटीच्या सिंहासनावरही तोच राहिला. सुधारणा तेवढीच झाली. तिला त्याहून मोठं म्हणण्यात अर्थ नाही.

काही बदल तर मुंबईत बसून झाले. मूळ गोष्टीतल्या सिंग चाच्यांना इंद्रजालने ‘सिंगा’ केलं. वेताळाच्या वडिलांचा खुनी ‘रामा’ होता, त्याचा ‘रामालू’ झाला. देशाचं नाव बदलून ‘डेंकाली’ केलं. वाचणाऱ्या मुलांत सिंग आडनावाची मुलं असतील, घराघरांत रामाची पूजा होत असेल, याचं भान कुणीतरी ठेवलं होतं. आणि ‘वेताळ’ हे नाव! कोकणात, गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार. ‘चांदोबा’तला विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आम्हाला आधीच पाठ होता. त्यामुळे गावच्या वेशीवरचा शेंदूर फासलेला दगड आणि कवटीच्या गुहेतला मुखवटेवाला यांत आम्हाला फार अंतर वाटत नसे. फँटम या परक्या शब्दाला ते भाग्य लाभलं नसतं.

जगभर पाहिलं तर असे दाखले आणखी सापडतात. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा पहिला ‘सुपरमॅन’, 1933मधला, टकला आणि दुष्ट होता. 1938मध्ये तोच लोकांचा कैवारी होऊन आला. हर्जे यांच्या टिनटिनने 1931च्या सुमारास काँगोतल्या शाळेत मुलांना ‘तुमचा देश बेल्जियम’ असा धडा दिला होता. 1946मध्ये पुस्तक नव्याने काढताना त्या जागी बेरजेचा धडा आला. मुलांची चित्रं मात्र फारशी सुधारली नाहीत. धडा बदलणं सोपं असतं, त्या मुलांकडे पाहण्याची नजर बदलायला वेळ लागतो.

हे लिहिताना मला माझ्याच शाळेचा वर्ग दिसतो. आमच्या वर्गात ठाकूरवाडीतला एक मुलगा होता. रोज डोंगर उतरून यायचा. रंगाने सावळा, अंगाने आमच्यापेक्षा थोराड. कबड्डीत त्याला कुणी अडवू शकत नसे. त्याला ‘लोथार’ हे नाव मी ठेवलं. दोन दिवसांत ते वर्गभर झालं. मैदानात खडे वेचायचे तर लोथार, बाकं उचलायची तर लोथार. तो हसायचा, म्हणून त्याला ते आवडतं अशी मी समजूत करून घेतली. दहावीच्या आधीच त्याने शाळा सोडली. ती या नावामुळे सोडली असं मी म्हणणार नाही. घरची कारणं होती. पण त्या नावाने त्याला शाळेत धरूनही ठेवलं नाही.

ट्रंक उघडल्यानंतरच्या पौषात मी म्हशाच्या यात्रेला गेलो. तिथे घोंगड्यांच्या पालांपाशी तो भेटला. केस पिकले होते, बरोबर नातू होता. चहा घेताना मी या लेखाचा विषय काढला आणि धीर करून म्हणालो, “तुला ते नाव मीच ठेवलं होतं. चुकलंच माझं.”

तो थोडा वेळ बशीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मला माहितीय तूच ठेवलंस ते. मी पण वाचायचो की तुझी पुस्तकं, मधल्या सुट्टीत. अरे, लोथार राजा होता. सात राज्यांचा. गादी सोडून आला होता तो. तुम्ही पोरांनी ते वाचलंच नाय.”

घरी येऊन मी अंक पुन्हा काढले. त्याचं खरं होतं. सात राष्ट्रांचा राजपुत्र असलेला लोथार सिंहासन सोडून स्वखुशीने मँड्रेकबरोबर निघाला, ही त्याची मूळ कथा आहे. माझ्या ट्रंकेतल्या अंकांतही त्याचा उल्लेख आहे, तोही मी पेन्सिलीने खुणा केलेल्या पानावर. म्हणजे लोथार राजा झाला तो 1965 साली नव्हे. राजेपण त्याच्यापाशी आधीपासूनच होतं. चित्राने आणि भाषेने ते झाकून टाकलं होतं. 1965मध्ये झालं ते एवढंच की त्याच्या अंगावरचं कातडं दूर झालं आणि गोष्टीत आधीच लिहिलेला माणूस दिसू लागला. ठाकूरवाडीतल्या मुलाला तो कातड्यासकट दिसला होता.

कॉमिक्समधली पात्रं बदलून सुधारली असं आपण म्हणतो, तेव्हा त्यातली काही खरोखर नव्याने घडलेली असतात. सुपरमॅन तसा. काहींच्या बाबतीत मात्र लेखकाने आणि वाचकाने आपलीच जुनी नोंद तपासलेली असते. फॉक यांनी ती एकतीस वर्षांनी तपासली. मला चाळीसहून अधिक लागली.

वहीतली जुनी ओळ मी खोडलेली नाही. दस्तऐवजात खाडाखोड करू नये, हे मी एवढ्या वर्षांत शिकलो आहे. तिच्या शेजारी वेगळ्या शाईने तारीख घालून लिहिलं आहे : ‘सात राष्ट्रांचा राजपुत्र. मँड्रेकचा मित्र. दुरुस्ती सुचवणारा : माझा वर्गमित्र.’ पुढच्या यात्रेला ती वही त्याला दाखवायला न्यायची आहे. नातवासाठी थोडे अंकही काढून ठेवले आहेत.