पोटावर ठेवलेलं लेकरू

बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. औंढ्याच्या आसपास सडकांची कामं निघाली होती. आई खडी फोडायची, मी टोपलं उचलायचो. सुकडी मिळायची, ती सदऱ्याच्या ओच्यात घेऊन आम्ही लेकरं सावलीला बसायचो. पुढं पाऊस पडला, वडिलांनी मला परत शाळेत घातलं, अन् मी दहावीपर्यंत गेलो.

सुकडीची चव मात्र विसरलो. नाहीतर पुढचं माझ्या हातून झालं नसतं.

१९८६ साली एक बाई नऊ वर्षांचं पोरगं घेऊन दारात आली. "पोटावर ठेवा मालक, ढोरं राखील." वरून सालाची थोडी जवारी ठरली. भुकेल्याला भाकर दिली म्हणजे पुण्यच केलं, असं मला वाटायचं. गावात सगळेच तसं करायचे. एकदा त्यानं मिठाच्या पुड्याचा कागद माझ्यापुढं धरला. "मालक, ह्याच्यावर काय लिवलंय?" मी म्हणलं, "ढोरं कुणाच्या रानात शिरली ते बघ आधी."

पुढं बऱ्याच वर्षांनी सोयरिकीच्या निमित्तानं दौंडजवळच्या केडगावला जाणं झालं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. पाहुण्यांनी बाईंची माहिती सांगितली, मग घरी येऊन मी मिळेल ते वाचलं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पण दुष्काळानं घर देशोधडीला लागलं. आई, वडील, बहीण सगळे गेले. भाऊबहीण उपाशीतापाशी पायी हिंडले. १८८३ साली इंग्लंडात बाईंनी ख्रिस्ती धर्म घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढं ते पुण्याला नेलं. तिथं धर्मांतरावरून मोठं वादळ उठलं. 'केसरी'नंही टीका केली.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बाई स्वतः तिकडं गेल्या अन् सुमारे तीनशे मुली-बाया घेऊन आल्या. पुण्यात तवा प्लेग होता, म्हणून केडगावच्या रानात तंबू-झोपड्या टाकल्या. १९०० च्या आसपास, गुजरातेतल्या दुष्काळानंतर, तिथं राहणाऱ्यांचा आकडा हजाराच्या वर गेला.

शेतकरी म्हणून मला पुढची गोष्ट लागली. एवढ्या पोटांना नुसतं जेवायला घालायचं तरी केवढं काम. पण बाई तिथं थांबल्या नाहीत. आधी शिकलेल्या मुली नव्या मुलींना अक्षर शिकवायच्या. शेती, गुरं, विणकाम सगळं मुलींच्या हाती. छापखान्यात मुलीच खिळे जुळवायच्या. आंधळ्या मुलींनाही वाचायला शिकवलं. काम त्या मुलींनीही केलं अन् माझ्याकडच्या पोरानंही केलं. पण त्यांचं काम त्यांना पायावर उभं करत होतं. त्याचं काम नुसतं माझी ढोरं राखत होतं.

बाईंनी भूक भोगली अन् ध्यानात ठेवली. मीही भोगली, अन् भरल्या कणगीशेजारी विसरलो.

धर्माचं म्हणाल तर त्या मुली ख्रिस्ती वळणात वाढल्या. त्यावर वाद झाले, आजही होतात. मी नागनाथाचा माणूस. गळ्यात माळ आहे, ती राहील. पण आमच्या औंढ्यातलीच गोष्ट बघा. पिंडीवर पाय ठेवून निजलेले विसोबा खेचर नामदेवांना म्हणाले, देव नाही तिथं माझे पाय ठेव. नामदेवांना तशी जागा सापडली नाही. हे मी कीर्तनात शंभरदा ऐकलं, मान डोलावली. माझ्याच गोठ्यात निजणाऱ्या लेकरात देव असेल, हे ध्यानात यायला केडगावच्या बाईंचं काम बघावं लागलं.

ते पोरगं तीन वर्षांनी ऊसतोडीला गेलं. मागच्या साली बँकेत भेटला. दाढी पांढरी झालेली. "मालक, बरं हाय का?" म्हणला. कर्जाच्या कागदावर त्यानं अंगठा लावला. साक्षीदार म्हणून सही मी केली. कागदावर काय लिहिलंय ते त्यानं विचारलं नाही. मीच त्याला बाकावर बसवून पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं.