सोड्याचं कूळ

ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. सोड्याचं मात्र जरूर विचारावं. हा सोवळा प्राणी जन्मला बिअरच्या भट्टीत!

१७६७ साली इंग्लंडात लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली हे धर्मोपदेशक भट्टीच्या शेजारी राहत. आंबणाऱ्या पिंपावर साचलेला वायू त्यांनी पाण्यात मुरवला आणि पाणी चुरचुरू लागलं. शेजारी पिंपंच्या पिंपं बिअर, आणि गृहस्थ रमले पाण्यात! १७८३ साली जिनिव्हात श्वेप नावाच्या घड्याळजीनं त्याचा धंदा मांडला. १८७२ साली कॉड यांनी गोळीच्या बाटलीचं पेटंट घेतलं. तीच आपली गोटी सोड्याची बाटली.

चाळिशीनंतर डॉक्टर दारू आणि साखर ही दोन्ही खाती एकदम बंद करतात. मग मित्रांच्या बैठकीत रिकाम्या हातानं बसायचं कसं? खरं सांगू? पुष्कळांना तलफ दारूची नसतेच. हातात गार ग्लास हवा, जिभेला चुरचुर हवी आणि उठायची घाई नको. तेव्हा साध्या सोड्यात दोन चमचे बिनसाखरेचं कोकम आगळ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. मीठ नको, आगळात असतंच. किंवा लिंबू पिळून वर आल्याचा रस. रंग असा उतरतो, की आमची सौ. दोनदा वास घेऊन बघते!

व्हिस्कीवाल्यांनी सोड्याला आजवर कारकुनासारखं वागवलं. साहेब रजेवर गेले की कळतं, काम तोच करीत होता.