ध्वनियंत्राचा जीर्णोद्धार

देवालयाचा जीर्णोद्धार हाती घेतला, की काय बदलावयाचे आणि कशास हात लावावयाचा नाही, हा प्रश्न पैशाच्या प्रश्नाआधी उभा राहतो. वासा कुजला तर नवा घालतात, कौले फुटली तर बदलतात. परंतु गाभाऱ्यापाशी आल्यावर कारागिराचा हात आपोआप संथ होतो. हाच विवेक एका अर्वाचीन वस्तूच्या बाबतीतही अवश्य आहे, असे आम्हांस वाटते. ती वस्तू म्हणजे एकाच फितीवर अनेक आवाज निरनिराळ्या पदरांत साठविणारा, घरी संगीत मुद्रित करण्याच्या कामी आलेला जुना टेपरेकॉर्डर. अडगळीत पडलेली अशी यंत्रे आज पुन्हा दुरुस्त होत आहेत. ही केवळ हौस नव्हे, हे समजण्यासाठी त्या यंत्राची वंशावळ थोडी पाहिली पाहिजे.

डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पौल्सेन याने १८९८ मध्ये पोलादी तारेवर चुंबकाच्या साह्याने आवाज उमटविला. १९२८ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर याने तारेऐवजी लोहचूर्ण चढविलेली कागदी पट्टी योजिली, आणि १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र लोकांपुढे आले. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्यातील जॅक मलिन याने अशी दोन यंत्रे मायदेशी नेली. गायक बिंग क्रॉस्बी याला त्यांचे मोल तत्काळ कळले, व त्याच्या पाठबळाने अँपेक्स कंपनीचे पहिले यंत्र १९४८ मध्ये बाजारात आले.

आवाजावर आवाज चढविण्याचा ध्यास मात्र एका वादकाचा होता. गिटारवादक लेस पॉल याने १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लव्हर’ या ध्वनिमुद्रिकेत अनेक गिटारींचा मेळ एकट्याने, आपल्या घरच्या गॅरेजमध्ये, तबकडीमागून तबकडी कापीत साधला. पुढे क्रॉस्बीने त्याला टेपयंत्र दिले, तेव्हा त्याने त्यात एक अधिक हेड बसवून जुन्या वादनावर नवे चढविण्यास आरंभ केला. यात जोखीम मोठी होती. नवा थर चढताना जुना पुसला जाई. विसाव्या थराला एक स्वर चुकला, तर आधीचे एकोणीसही वाया.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक आवाजाला फितीवर स्वतंत्र पदर देणे. तेथे वेगळीच अडचण होती. आवाज लिहिणारे हेड आणि वाचणारे हेड यांत अंतर असते. वादकाने वाचणाऱ्या हेडवरून आधीचे संगीत ऐकून साथ केली, तर त्याची साथ लिहिणाऱ्या हेडपाशी तेवढी मागाहून पडणार, आणि ताल सुटणार. अँपेक्सच्या रॉस स्नायडर यांनी तोड काढली ती साधी होती: लिहिणाऱ्या हेडलाच तेवढ्यापुरते वाचावयास लावावे. या योजनेचे आठ पदरांचे यंत्र १९५७ मध्ये लेस पॉलच्या घरी पोहोचले. त्याची किंमत दहा हजार डॉलर होती.

एवढी किंमत सामान्य गायकाच्या आवाक्यात कोठून असणार? ती उणीव जपानच्या टीॲक कंपनीने भरून काढली. १९७९ मध्ये तिने साध्या कॅसेटवर चार पदर मुद्रित करणारे ‘पोर्टास्टुडिओ १४४’ आणले. ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाने १९८२ च्या जानेवारीच्या सुमारास न्यू जर्सीतील भाड्याच्या घरात त्यावर आपली गीते एकट्याने मुद्रित केली, ती केवळ पुढे वाद्यवृंदास नमुना म्हणून. मोठ्या स्टुडिओत तीच गीते वाद्यवृंदासह पुन्हा गाऊन पाहिली. पण घरच्या कॅसेटमधील एकाकी आर्तता तेथे उतरेना. अखेर तीच कॅसेट ‘नेब्रास्का’ या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली.

आमच्या व्यवसायात टेपकडे पाहण्याची दृष्टी याच्या नेमकी उलट. सर्वोच्च न्यायालयाने प्रतापसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात ध्वनिमुद्रण हा ग्राह्य पुरावा मानला. आणि रामसिंग विरुद्ध कर्नल रामसिंग या १९८५ च्या निकालात त्याच्या कसोट्या सांगितल्या. आवाज ओळखता आला पाहिजे, तो स्पष्ट असला पाहिजे, त्यात फेरफार झालेला नसावा, टेप मोहोरबंद व सुरक्षित ताब्यात असावी. न्यायालयास एकही थर अधिक चढलेला खपत नाही. अनेकपदरी संगीताचा तर जन्मच थरांतून. परंतु दुरुस्तीच्या प्रसंगी ही दोन्ही शास्त्रे एका नियमावर येतात: मूळ फितीस धक्का लागता कामा नये.

म्हणून जाणता कारागीर बंद पडलेले यंत्र मिळताच त्यात मोलाची फीत घालीत नाही. तो आधी आतील धूळ काढतो, जुने कपॅसिटर तपासतो, आणि डिमरस्टॅट लावून वीज हळूहळू वाढवितो. रबरी पट्टे कालांतराने डांबरासारखे विरघळून चिकटतात, फीत ओढणारे रबरी चाक कडक होते, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. हे सारे वासे आणि कौले, बिनदिक्कत बदलावीत. हेड हा मात्र गाभारा. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसावे, त्यातील साचलेले चुंबकत्व काढावे, आणि ते फितीशी काटकोनात आहे की नाही हे प्रमाणित फितीवर पाहावे. हा कोन किंचित ढळला तरी वरच्या पट्टीचे स्वर मंद होतात.

येथे एक मौजेची गोष्ट आहे. एखादी जुनी फीत कोन ढळलेल्या यंत्रावरच मुद्रित झाली असेल, तर तो दोष फितीत लिहिला गेलेला असतो. तेथे निर्दोष यंत्र उपयोगी पडत नाही, हेड त्या फितीच्या वाकड्या कोनाशी जुळवून घ्यावे लागते. शिवाय पोर्टास्टुडिओची कॅसेट साध्या यंत्रात घातली, तर चारांपैकी दोनच पदर ऐकू येतात, तेही निम्म्या गतीने. कॅसेट उलटली की उरलेले दोन उलटे वाजतात. त्यामुळे फीत सुखरूप राहिली तरी तिच्या जातीचे यंत्र नसेल, तर ती मुकीच.

फितीचेही आयुष्य मर्यादित आहे. १९७० नंतरच्या काही फितींतील चिकटद्रव्य हवेतील दमट शोषून बिघडते. फीत हेडला चिकटते, किंचाळते, आणि तिचा लेप खरवडून निघतो. अशी फीत सुमारे चौपन्न अंश उष्णतेवर काही तास शेकली, तर ती थोड्या आठवड्यांपुरती वाजण्याजोगी होते. तेवढ्या अवधीत तिची प्रत करून घ्यावयाची. मात्र हा उपाय सरसकट साऱ्या फितींना लागू नाही. आमच्या कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत कपाटात ठेवलेल्या फितींची काळजी किती तातडीची आहे, हे निराळे सांगावयास नको. २०१९ मध्ये युनेस्कोच्या माहितीविषयक कार्यक्रमाने व ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मिळून जगभरच्या चुंबकीय फितींविषयी इशारा देणारा प्रकल्प हाती घेतला, तो याच भीतीने: वाजविणारी यंत्रे आणि ती जाणणारी माणसे दोन्ही संपत चालली आहेत.

१९७७ मध्ये व्हॉयेजर याने अंतराळात गेली, तेव्हा त्यांवरील सुवर्णलेपित तबकडीत गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी होती. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. तबकडी पाठविणारे तिच्यासोबत सुई पाठविण्यास, आणि ती कोणत्या गतीने फिरवावी हे वेष्टनावर कोरण्यास विसरले नाहीत. परग्रहावरील अज्ञात श्रोत्याची त्यांनी केली तेवढी चिंता आपण आपल्या नातवंडांची करावयास हवी. देवळाच्या कपाटात कीर्तना-भजनांच्या फिती असतील, तर त्यांवर साल, गवयाचे व साथीदारांचे नाव आणि फितीची गती लिहून ठेवावी. आणि त्या ज्या यंत्रावर उमटल्या, ते भंगारात काढण्यापूर्वी एखाद्या जाणकारास दाखवावे.