हात कुणाचा, घर कुणाचं? : व्यवसायोपचाराच्या इतिहासात जात शोधताना

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंसोबत वस्तीतल्या एका घरी गेलो होतो. घरातले आजोबा सफाई खात्यातून निवृत्त झालेले. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली. ताईंनी आधी फाईल उघडली नाही. त्यांनी विचारलं, "बाबा, सकाळी उठल्यावर कुठलं काम स्वतःच्या हाताने करावंसं वाटतं?" आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सदरा घालायचा, आन् बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायचा."

पुढचा तासभर त्याचाच सराव चालला. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना चांगला हात आधी बाहेर. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड मूठ केली. मोरीच्या उंबऱ्याजवळ धरायला दांडी कुठे बसवायची, तिथे खडूने खूण केली. फोटो थोडा खाली घ्यावा, असं ताईंनी सुचवलं, तेव्हा आजींनी ठणकावून सांगितलं, "बाबासाहेब खाली येणार नाहीत." मग काठीला आकडा बसवून हार वर चढवायची सोय केली.

परत येताना आमच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ज्या माणसाच्या हाती जातीने झाडू दिला, त्याला तू कुठलं काम करू इच्छितोस, हा प्रश्न आयुष्यात कधी कुणी विचारला असेल का?

मित्रांनो, या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो आपण वाचला पाहिजे.

काम बरं करतं, की काम मारतं?

आजारी माणसाला कामात गुंतवलं तर तो सावरतो, हा विचार युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस रुजू लागला. १७९६ साली इंग्लंडमधल्या यॉर्क इथे विल्यम ट्यूक यांनी मनोरुग्णांसाठी निवास सुरू केला. तिथे साखळदंड आणि मारहाणीऐवजी बागकाम, शिवणकाम आणि माणुसकीची वागणूक यांवर भर होता. १९१७ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी काही मोजकी माणसं एकत्र आली आणि त्यांनी या विद्येची राष्ट्रीय संस्था स्थापन केली. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांमुळे या विद्येची गरज सगळ्यांना पटली.

या शास्त्राचा पाया असा, की माणसाला अर्थपूर्ण वाटणारं काम त्याला बरं करतं. आता हे वाक्य आपल्या समाजरचनेपुढे धरून पाहा. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे निर्मूलन' या ग्रंथात मांडलं. तिथे आवड, कुवत, निवड यांना जागा नाही. मेलेली ढोरं ओढणं, मैला वाहणं, गटारात उतरणं ही कामं कुणाला बरं करत नाहीत, ती शरीर झिजवतात आणि मन मारतात. म्हणजे ज्या देशात 'व्यवसाय' हा शब्द जन्माला चिकटलेला आहे, त्याच देशात 'व्यवसायोपचार' नावाची विद्या शिकवली जाते. हा विरोधाभास पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, तो आपल्यालाच मांडावा लागेल.

परळपासून नागपूरपर्यंत

भारतात ही विद्या आणली कमला निंबकर यांनी. त्या मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी. विवाहानंतर त्या भारतात राहिल्या, पुन्हा अमेरिकेत जाऊन हे शिक्षण घेतलं आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं विद्यालय सुरू केलं. आशियातलं हे या प्रकारचं पहिलं विद्यालय मानलं जातं. १९५२ साली या क्षेत्राची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांमध्ये भारत होता. पुढे १९५८ साली नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण सुरू झालं, दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेनंतर अवघ्या दोन वर्षांनी. इतक्या जवळ असूनही ही विद्या आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचली का?

रुग्णालयापुरती पोहोचली. पण पक्षाघात झालेला माणूस रुग्णालयात काही दिवस असतो, घरात वर्षानुवर्षं. त्याचा संडास चाळीच्या टोकाला असतो, पाणी खाली असतं, खाट पोटमाळ्याखाली असते. रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीवर शिकलेलं चालणं तिथे निरुपयोगी ठरतं. म्हणून खरी थेरपी घरात जाऊनच होते. आणि घर म्हटलं की आपल्याकडे उंबरठा येतो.

उंबरठ्यावरची जात

गावगाड्यात बाळंतपणाला अनेक ठिकाणी महार-मांगाची बाई सुईण म्हणून बोलावली जायची. रक्ताला, नाळेला हात तिने लावायचा. बाळ जगात आलं की तीच बाई पुन्हा अस्पृश्य. स्पर्श हवा, माणूस नको, हा ब्राह्मणी व्यवस्थेचा जुना हिशोब आहे.

तो संपला असं कुणाला वाटत असेल तर आमच्या एका मैत्रिणीचा अनुभव ऐका. ती घरोघरी जाऊन थेरपी देते. एका घरी तिसऱ्या भेटीत तिला आडनाव विचारलं गेलं. चौथ्या भेटीआधी निरोप आला, "दुसरं कुणी असेल तर पाठवा." त्याच घरात रुग्णाचे डायपर बदलायला ब्यूरोची बाई बारा तासांच्या पाळीवर होती. ती आपल्याच वस्तीतली. तिला आडनाव कुणी विचारलं नव्हतं. घाण काढणारा हात चालतो, शिकवणारा हात चालत नाही!

अमेरिकेचा इतिहासही याहून फार वेगळा नाही. तिथे १९६५ साली आलेल्या मेडिकेअरने वृद्धांना घरपोच उपचारांचा हक्क दिला आणि थेरपिस्ट घरोघरी जाऊ लागले. पण त्याच घरात रुग्णाला आंघोळ घालणारी, भरवणारी बाई मात्र कायद्याबाहेर होती. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यातून घरकाम आणि शेतमजुरी वगळली होती, आणि या दोन्ही कामांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते. १९७४ साली घरकामगार कायद्यात आले, पण वृद्धांना सोबत करणाऱ्यांना पुन्हा वगळलं. २०१३ साली नियम बदलला आणि २०१५ मध्ये तो लागू झाला. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र का लिहिलं होतं, हे अशा वेळी नीट समजतं.

आपली परंपरा

सेवा म्हटलं की आपल्याला परदेशी उदाहरणं सांगितली जातात. पण विनयपिटकातली कथा आठवा. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता, कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून अंथरुणावर ठेवलं. मग संघाला बोलावून बजावलं, की माझी सेवा करायची असेल तर आजाऱ्याची करा. हे काम बुद्धांनी कुठल्या एका जातीवर टाकलं नाही, स्वतः केलं. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाई रुग्णांना उचलून दवाखान्यात नेत होत्या, त्यातच त्या गेल्या. शुश्रूषेचं काम हलकं नाही. ते एकाच समूहाच्या माथी मारणं, हा खरा हलकेपणा आहे.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पुनर्वसन हा हक्क आहे, तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून थेरपिस्ट वस्तीत, घरात आला पाहिजे. ब्यूरोच्या बायांना किमान वेतन, सुट्टी आणि प्रशिक्षण मिळालं पाहिजे. आणि नीट देणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एमबीबीएस हुकलं म्हणून वर्ष रडत बसू नये. केईएम, नायर, सायन, नागपूर इथल्या सरकारी आणि पालिकेच्या महाविद्यालयांत व्यवसायोपचाराच्या जागा आहेत, त्यात आपलं आरक्षण आहे. त्या जागा भरा.

कारण उद्या कुठल्यातरी वस्तीत, आयुष्यभर झाडू धरलेल्या हाताला "तुला काय करावंसं वाटतं?" असं विचारणारं माणूस आपल्यातलंच असायला हवं.

जयभीम!